बेसबॉलची पंचगिरी: बेसपासून चार पावलांवर उभा असलेला पंच चुकतो कसा?

सदाफुली (प्रश्न)

नमस्कार. आम्ही काही वर्षांपासून मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ राहतो. माझा मुलगा इथल्या लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळतो आणि त्याच्यामुळे मीही हा खेळ मन लावून पाहू लागले आहे. लहानपणापासून क्रिकेट पाहिलेले असल्यामुळे चेंडू, झेल, धाव हे सगळे ओळखीचे वाटते. पंचांच्या कामाविषयी मात्र काही प्रश्न मनात आहेत, आणि इथल्या काही सदस्यांनी स्वतः मैदानावर पंच म्हणून काम केले आहे हे ठाऊक असल्यामुळे ते इथेच मांडते.

पहिला प्रश्न पहिल्या बेसचा आहे. पंच बेसपासून पाचेक मीटरवर उभा असतो, समोर कोणताही अडथळा नसतो आणि चेंडू आधी पोहोचला (मग रनर आउट) की रनरचा पाय (मग सेफ), एवढेच त्याला ठरवायचे असते. तरीही सर्वांत जास्त वाद तिथेच होतात. २०१० साली डेट्रॉइटचा पिचर (चेंडू टाकणारा) आर्मांडो गलारागा याचा परफेक्ट गेम (एकालाही बेसवर पोहोचू न देता सलग सत्तावीस फलंदाज बाद करणे) शेवटच्या फलंदाजाच्या वेळी अशाच एका निर्णयाने हुकला, याबद्दल डेट्रॉइटची माणसे अजूनही हळहळतात. इतका अनुभवी पंच इतक्या जवळून कसा चुकू शकतो?

दुसरे असे की, होम प्लेटमागचा, म्हणजे फलंदाजाच्या मागे उभा असलेला पंच स्ट्राइक झोन नेमका कशावरून ठरवतो? तो झोन तर हवेत आहे, कुठेही आखलेला नाही. आणि आता रिप्ले आहे, सगळीकडे कॅमेरे आहेत, तेव्हा पंचांच्या चुका हा विषयच लवकर निकाली निघेल, असे मानायचे का?

मुलांच्या सामन्यांत काही पालक पंचांना जे बोलतात ते ऐकवत नाही. त्यांच्याशी बोलायचे तर आधी मला हे नीट समजायला हवे, म्हणून विचारते आहे.

धावपट्टी

मी न्यू जर्सीत मुलांच्या लीगमध्ये स्वयंसेवक पंच म्हणून काम करतो. पहिल्या बेसविषयी जे शिकवले जाते आणि प्रत्यक्षात जे अनुभवाला येते, ते सांगतो.

पंच चुकला की लोक त्याच्या दृष्टीला दोष देतात. पण बेसवरच्या बहुतेक चुकांचा दृष्टीशी काही संबंध नसतो. पंच कुठे उभा होता, नेमक्या क्षणी कशाकडे पाहत होता आणि हात वर करण्याची त्याने किती घाई केली, यावर सगळे अवलंबून असते. पहिल्या बेसवर दोन घटना दोन वेगळ्या उंचीवर घडतात. रनरचा पाय जमिनीलगत बेसवर पडतो, तर चेंडू छातीच्या उंचीवर, कधी डोक्याच्याही वर, ग्लोव्हमध्ये शिरतो. या दोन्ही जागांवर एकाच वेळी नजर रोखता येत नाही. म्हणून पंचाला असे शिकवतात की चेंडू हातातून सुटेपर्यंत फेकणाऱ्याकडे पाहावे, फेक सरळ येते आहे याची खात्री पटली की नजर बेसवर आणावी, आणि मग पाय डोळ्यांनी पाहावा व चेंडू कानांनी ऐकावा. ग्लोव्हच्या कातड्यावर चेंडू आदळल्याचा आवाज आधी आला की पाय बेसवर पडलेला आधी दिसला, यावर निर्णय ठरतो.

या पद्धतीची सगळी भिस्त आवाजावर आहे. चेंडू तळव्यात बसला तर खणखणीत आवाज येतो, ग्लोव्हच्या जाळीच्या टोकाला अडकला तर जवळपास काहीच ऐकू येत नाही, आणि प्रेक्षक उठून ओरडू लागले की चांगला आवाजही त्यात बुडून जातो. शिवाय आवाजाला प्रवासाला वेळ लागतो. पंच पाच मीटरवर असेल तर ग्लोव्हचा आवाज त्याच्या कानापर्यंत पोहोचायला सेकंदाचा सुमारे सत्तरावा भाग जातो. तेवढ्या वेळात मेजर लीगमधला, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतला, मध्यम वेगाचा रनर सुमारे १२ सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो. सवयीने मेंदू ही तफावत काही अंशी भरून काढतो, तरी ज्या निर्णयांवर वाद होतात त्यांतले कित्येक याच १२ सेंटीमीटरांच्या आतले असतात.

जवळ उभे राहिल्याने अचूकता वाढते, हा प्रेक्षकांचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. १९८५ च्या वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा) सहावा सामना आठवा. सेंट लुईस कार्डिनल्स मालिकेत ३-२ ने आणि सामन्यात १-० ने पुढे होते. नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात कॅन्सस सिटी रॉयल्सच्या होर्हे ओर्टाने पहिल्या बेसच्या बाजूला जमिनीलगत फटका मारला. जॅक क्लार्कने चेंडू अडवून बेसकडे धावत आलेल्या पिचर टॉड वॉरेलकडे दिला. ओर्टा स्पष्ट आउट होता, पण डॉन डेन्किंगर यांनी त्याला सेफ दिले. आपण बेसच्या फार जवळ गेलो होतो, असे डेन्किंगर यांनी पुढे सांगितले. वॉरेल ६ फूट ५ इंच उंच असल्यामुळे त्याचा ग्लोव्ह आणि बेसवरचा पाय एका नजरेत मावत नव्हते, आणि प्रेक्षकांच्या गोंगाटात चेंडूचा आवाजही आला नाही. दोन पावले मागे असते तर त्याच डोळ्यांना बरोबर दिसले असते. म्हणून पंचांच्या प्रशिक्षणात अंतरापेक्षा कोनावर जास्त भर देतात. फेकीच्या रेषेशी काटकोन साधेल अशा जागी, पाचेक मीटर लांब, पाय रोवून आणि डोके स्थिर ठेवून उभे राहायचे. पळता पळता दिलेला निर्णय हमखास डळमळीत असतो, कारण डोके हलले की दृश्यही हलते.

याच सामन्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. चुकीने सेफ ठरलेला ओर्टा पुढे तिसऱ्या बेसवर आउट झाला, त्याने धाव काढलीच नाही. त्याच इनिंगमध्ये कार्डिनल्सकडून फाउल प्रदेशातला (मैदानाच्या रेषांबाहेरचा) एक सोपा झेल राहिला आणि एक चेंडू कॅचरच्या (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारख्या खेळाडूच्या) हातून निसटून दोन्ही रनर पुढे सरकले. रॉयल्सनी सामना २-१ असा जिंकला आणि सातवा सामना ११-० असा एकतर्फी झाला. तरीही मालिका एका पंचाने घालवली असेच आजवर म्हटले जाते, आणि डेन्किंगर यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.

गलारागाच्या सामन्याचे म्हणाल तर २ जून २०१० च्या त्या रात्री सत्तावीस फलंदाजांपैकी सव्वीस बाद झाले होते. जेसन डोनाल्डचा फटका मिगेल काब्रेराने अडवला आणि बेसवर आलेल्या गलारागाकडे चेंडू दिला. पहिल्या बेसचे पंच जिम जॉइस यांनी सेफची खूण केली. तोवर मेजर लीगच्या साऱ्या इतिहासात फक्त २० परफेक्ट गेम नोंदले गेले होते. सामना संपल्यावर जॉइस यांनी चित्रफीत पाहिली, चूक उघडपणे कबूल केली आणि गलारागाला भेटून क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी होम प्लेटवर संघाची यादी द्यायला गलारागाच आला, तेव्हा जॉइस यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्याच महिन्यात ईएसपीएन या क्रीडावाहिनीने खेळाडूंची मते घेतली, तेव्हा सर्वोत्तम पंच म्हणून सर्वाधिक पसंती जॉइस यांनाच मिळाली. रोज त्यांच्यासमोर खेळणाऱ्यांचे हे मत मला फार मोलाचे वाटते.

आकडेमोड

स्ट्राइक झोनविषयी मी लिहिते. माझे काम आकडेवारीचे आहे आणि बेसबॉलची आकडेवारी हा माझा जुना जिव्हाळ्याचा विषय आहे.

नियमाप्रमाणे स्ट्राइक झोन म्हणजे होम प्लेटच्या वरची हवेतली जागा. तिची रुंदी प्लेटइतकी, म्हणजे १७ इंच. खालची कडा गुडघ्याच्या वाटीखालच्या खोलगट भागाशी आणि वरची कडा खांदा व पँटचा वरचा काठ यांच्या मध्यावर. फलंदाज बदलला की झोनची उंची बदलते. प्लेटला खोलीही आहे, त्यामुळे हा झोन सपाट चौकट नसून एक घनाकार आहे, आणि चेंडूने त्याच्या कोणत्याही भागाला स्पर्श केला तरी तो स्ट्राइक ठरतो. आता वेग पाहा. ताशी १५० किलोमीटरच्या चेंडूला पिचरच्या हातातून प्लेटपर्यंत यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात आणि प्लेट ओलांडायला सेकंदाच्या शंभराव्या भागाहून किंचित जास्त. पंचाने त्या क्षणिक दृश्यावरून, आखलेल्याच नसलेल्या रेषेशी चेंडूचा संबंध लावायचा असतो.

तो उभा असतो कॅचरच्या मागे, कॅचरचा खांदा आणि फलंदाज यांच्यामधल्या फटीत. तिथून फलंदाजाकडची आतली बाजू चांगली दिसते, पण पलीकडचा खालचा कोपरा डोळ्यांपासून सर्वांत लांब असतो आणि तो बराचसा कॅचरच्या अंगाआड जातो. नेमके तिथेच चांगले पिचर चेंडू टाकतात. दुसरी अडचण वळणाऱ्या चेंडूची. तो प्लेटच्या पुढच्या कडेवर गुडघ्याच्या उंचीवर असतो आणि कॅचरच्या हातात पडेपर्यंत पार मातीलगत येतो. प्रेक्षकाला दिसतो तो कॅचरचा ग्लोव्ह, आणि नवख्या पंचालाही ग्लोव्ह पाहूनच निर्णय देण्याची ओढ लागते. कॅचर तर याचाच अभ्यास करतात. एक गुडघा जमिनीला टेकून, ग्लोव्ह खालून वर आणत, कडेचा चेंडू अलगद आत ओढायचा की पंचाला तो झोनमध्येच आल्यासारखा वाटावा, हे त्यांचे कौशल्य आहे आणि त्यासाठी संघ चांगले पैसे मोजतात. म्हणजे आपली फसगत व्हावी म्हणून निष्णात झालेला एक माणूस पंचाच्या दोन फूट पुढे बसलेला असतो.

हे सारे असूनही, फलंदाजाने सोडून दिलेल्या चेंडूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक चेंडूंवर मेजर लीगचे पंच बरोबर निर्णय देतात. एका सामन्यात असे निर्णय शे-दीडशे असतात, त्यामुळे काही चुका प्रत्येक सामन्यात होणारच. लक्ष देण्यासारखी गोष्ट ही की या चुका वाटेल तशा विखुरलेल्या नसतात. फलंदाजाच्या खात्यात तीन बॉल (त्याने सोडून दिलेले झोनबाहेरचे चेंडू) आणि शून्य स्ट्राइक असतील तर पंचाचा झोन नकळत मोठा होतो. शून्य बॉल आणि दोन स्ट्राइक असतील तर तो आक्रसतो. चौथा बॉल (मग फलंदाजाला पहिला बेस मिळतो) किंवा तिसरा स्ट्राइक (मग तो बाद होतो) देऊन फलंदाजाचा निकाल आपल्या हाताने लावणे माणसाला जड जाते, असा याचा एक अर्थ लावला जातो. आणखी एक कल असा की लागोपाठ दोन कडेचे चेंडू आले आणि पहिल्याला स्ट्राइक दिला असेल, तर दुसऱ्याला स्ट्राइक मिळण्याची शक्यता थोडी घटते. हा कल दाखवणारा एक शोधनिबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बेसबॉलच्या पंचांसोबत अमेरिकेतले आश्रय-अर्जांचे न्यायाधीश आणि भारतातले कर्जमंजुरी अधिकारी यांचेही निर्णय तपासले होते आणि तिन्हीकडे तोच कल सापडला. लागोपाठ निर्णय देणाऱ्या कुणाच्याही मनाची ही ठेवण आहे.

तिसरा_डोळा

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण एक मुद्दा मला स्पष्टपणे मांडावासा वाटतो. पंचाचे काम अवघड आहे हे मान्य केल्यावर, त्याला मदत नाकारणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारायला हवा.

नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनच्या कसोटीत सचिन तेंडुलकर दूरदर्शनच्या चित्रफितीवरून तिसऱ्या पंचाने धावबाद दिलेला पहिला फलंदाज ठरला. क्रिकेटने तेव्हाच हे मान्य केले की क्रीज आणि बॅट यांतले सेंटीमीटर माणसाच्या डोळ्यांवर सोपवू नयेत. मेजर लीगने रिप्ले आणला २००८ साली, तोही फक्त होमरनच्या (षटकारासारख्या, थेट सीमेपार जाणाऱ्या फटक्याच्या) हद्दीपुरता. बेसवरच्या सेफ-आउटला तो मिळायला २०१४ उजाडले. मधल्या काळात काय घडले? ऑक्टोबर १९९६ मध्ये यँकीज आणि ओरिओल्स यांच्या सामन्यात डेरेक जीटरचा उंच फटका एका बारा वर्षांच्या मुलाने कठड्यावरून ग्लोव्ह पुढे करून आत ओढला. उजव्या बाजूच्या सीमेवरचे पंच रिच गार्सिया यांनी होमरन दिला, सामना बरोबरीत आला आणि यँकीजनी तो अकराव्या इनिंगमध्ये जिंकला. तो होमरन नव्हता हे चित्रफीत पाहिल्यावर खुद्द गार्सिया यांनीही मान्य केले. लाखो लोकांना घरबसल्या दिसत असलेली गोष्ट ज्याने निर्णय द्यायचा त्या एकट्याला दिसू द्यायची नाही, अशी ही पद्धत होती, आणि गार्सिया, डेन्किंगर, जॉइस या सगळ्यांना तिचीच किंमत मोजावी लागली. गलारागाच्या सामन्यानंतर मेजर लीगचे तेव्हाचे आयुक्त बड सेलिग यांनी निर्णय फिरवला नाही, ही गोष्ट मला आजही पटत नाही. पुढच्या फलंदाजाला गलारागाने लगेच बाद केले होते, निर्णय दुरुस्त करून कोणाचेही नुकसान झाले नसते.

तापीकाठ

मी खानदेशात शालेय आणि महाविद्यालयीन स्पर्धांत सॉफ्टबॉल व बेसबॉलचे पंच म्हणून काम करतो. आमच्याकडे मैदान बहुधा क्रिकेटचेच असते, त्यावर फक्कीने रेषा मारून बेस ठेवतात. मेजर लीगमध्ये चार पंच असतात, बाद फेरीत सहा. आम्ही दोघे, आणि कधी कधी एकटाच. त्यामुळे कोनाविषयी धावपट्टी यांनी जे लिहिले आहे ते आम्हांला रोज जाणवते. पहिल्या बेसवर रनर असेल तर मैदानातल्या पंचाला पिचरच्या मागे, आतल्या बाजूला उभे राहावे लागते. तिथून दुसऱ्या बेसवरची चोरी (पिचर चेंडू टाकत असतानाच रनरने पुढच्या बेसकडे पळणे) बऱ्यापैकी दिसते, पण पहिल्या बेसवर पिचरने अचानक टाकलेल्या चेंडूचा कोन साधत नाही. एक जागा पत्करली की दुसरीकडचे काही ना काही सुटतेच.

मला मात्र वेगळ्या चुकांविषयी लिहायचे आहे. दिसण्यातली चूक वेगळी आणि नियम ठाऊक नसण्यातली चूक वेगळी. पहिली क्षम्य आहे, दुसरी नाही. नियमपुस्तकही हा भेद मानते. पंचाने आपल्या निरीक्षणावरून दिलेला निर्णय अंतिम असतो, पण नियमाचा अर्थच चुकीचा लावला असेल तर संघाला दाद मागता येते, मेजर लीगमध्ये मात्र सामन्याविरुद्धची अशी तक्रार आता बंद झाली आहे. १९८३ मध्ये कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने यँकीजविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये होमरन मारला. बॅटवर पकडीसाठी लावतात ते राळेचे डांबर टोकापासून १८ इंचांच्या पुढे गेले आहे, अशी तक्रार झाली. मोजपट्टी नव्हती, म्हणून पंचांनी बॅट १७ इंच रुंदीच्या होम प्लेटवर आडवी ठेवून अंदाज घेतला आणि ब्रेटला बाद दिले. मोजमाप बरोबर होते. पण त्याची शिक्षा फलंदाज बाद करणे ही नसून बॅट खेळातून काढून टाकणे एवढीच असावी, असे अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी ठरवले, होमरन कायम केला आणि राहिलेला सामना साडेतीन आठवड्यांनी पुढे खेळवला.

आमच्याकडच्या स्पर्धांत, आणि माझा अंदाज आहे की तिकडच्या मुलांच्या सामन्यांतही, ऐकीव नियमांवरून फार निर्णय होतात. दोन्ही एकाच वेळी पोहोचले तर रनर सेफ, हे वाक्य खेळाडू मोठ्या खात्रीने ऐकवतात, पण असे वाक्य नियमपुस्तकात कुठेही नाही. पुस्तक फक्त आधी काय घडले ते विचारते, आणि पंचाने ते ठरवायचेच असते. हात हा बॅटचाच भाग आहे, ही दुसरी समजूत. हात शरीराचा भाग आहे. फलंदाजाने बॅट फिरवली नसेल आणि झोनबाहेरचा चेंडू चुकवता न आल्याने हाताला लागला असेल तर त्याला पहिला बेस मिळतो, आणि बॅट फिरवताना लागला तर स्ट्राइक होतो. होम प्लेटला लागलेला चेंडू फाउल, असेही सर्रास मानतात. खरे तर प्लेट पूर्णपणे फेअर प्रदेशात आहे. चेंडू फेअर की फाउल हे ठरवताना चेंडू कुठे होता ते पाहायचे असते, खेळाडूचे पाय कुठे होते ते नव्हे. पहिला बेस ओलांडून रनर डावीकडे वळला की तो टॅग करून (चेंडू त्याच्या अंगाला लावून) आउट, असाही आग्रह धरतात. त्याने दुसऱ्या बेसकडे जाण्याचा प्रयत्न केला असेल तरच तो आउट, नुसत्या वळण्याने नव्हे.

या सगळ्यांत न सुधारता येणारी चूक म्हणजे घाईने 'फाउल' म्हणून ओरडणे. सेफचा आउट करता येतो, सहकाऱ्याला विचारून निर्णय बदलता येतो. पण पंचाच्या तोंडून 'फाउल' शब्द गेला की रनर थांबतात, क्षेत्ररक्षक थांबतात, आणि नंतर तो चेंडू रेषेच्या आत पडला होता असे कळून उपयोग नसतो. नव्या पंचांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो की चेंडू पूर्ण स्थिरावेपर्यंत किंवा कोणी त्याला हात लावेपर्यंत तोंड उघडायचे नाही.

सदाफुली

सर्वांचे मनापासून आभार. कोनाचा मुद्दा माझ्या कधी ध्यानातच आला नव्हता. आता माझा तिसरा प्रश्न पुन्हा विचारते. रिप्ले आला, स्ट्राइक झोनसाठीही यंत्रणा आली असे वाचले. तर मग पंचांसाठी अवघड असे काय उरते?

आकडेमोड

यंत्रणेपुरते मी सांगते. २०२६ च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये प्रत्येक संघाला बॉल-स्ट्राइकच्या दोन निर्णयांना आव्हान देता येते. आव्हान बरोबर निघाले तर ते शिल्लक राहते. आव्हान फक्त पिचर, कॅचर किंवा फलंदाज देऊ शकतो, तेही टोपीला किंवा हेल्मेटला हात लावून लगेच, बाकावरच्या कुणाच्याही मदतीशिवाय. मागे चालते ती एलबीडब्ल्यूमुळे आपल्या ओळखीची झालेली हॉक-आय. दक्षिण कोरियाच्या लीगने तर २०२४ पासून प्रत्येक चेंडूचा निर्णय यंत्रावर सोपवला आहे आणि पंच तो कानातल्या यंत्रातून ऐकून जाहीर करतो.

पण हे यंत्र नियमपुस्तकातला घनाकार झोन मोजत नाही. त्यासाठी नवी व्याख्या करावी लागली. प्लेटच्या मध्यावर १७ इंच रुंदीची सपाट चौकट धरायची, तिची वरची कडा फलंदाजाच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर आणि खालची २७ टक्क्यांवर. प्लेटच्या पुढच्या कडेला झोनला स्पर्श करून मध्यावर चौकटीखाली जाणारा वळता चेंडू जुन्या व्याख्येने स्ट्राइक आहे, नव्या व्याख्येने नाही. शिवाय क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यूच्या अगदी काठावरच्या निर्णयाला पंचाच्या मताचा आधार असतो, तशी पायरी इथे नाही. चेंडूची कड चौकटीला निसटती लागली तरी स्ट्राइक. मला हे स्वच्छ वाटते, तरी अचूकता वाढवताना खेळाचा एक नियमच बदलला गेला, हे नोंदवून ठेवावेसे वाटते.

धावपट्टी

तिसरा_डोळा यांच्याशी मी सहमत आहे, रिप्ले फार उशिरा आला. सदाफुली यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, आधी काय घडले किंवा कुठून गेले, हे यंत्राला मोजता येते. पण खेळाडूने काय करायला हवे होते किंवा त्याला काय सहज करता आले असते, हे मोजता येत नाही, आणि बेसबॉलचे बरेच नियम नेमके त्यावर बेतलेले आहेत.

इनफिल्ड फ्लायचा नियम पाहा. पहिल्या व दुसऱ्या बेसवर रनर असतील किंवा तिन्ही बेस भरलेले असतील, दोनपेक्षा कमी बाद असतील, आणि आतल्या क्षेत्ररक्षकाला सर्वसाधारण प्रयत्नात घेता येईल असा उंच झेल उडाला, तर पंचाने चेंडू हवेत असतानाच फलंदाजाला बाद जाहीर करायचे असते, म्हणजे क्षेत्ररक्षकाने मुद्दाम झेल सोडून दोघांना बाद करू नये. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी अटलांटा आणि सेंट लुईस यांच्या बाद सामन्यात आठव्या इनिंगमध्ये अँड्रेल्टन सिमन्सचा चेंडू उथळ डाव्या मैदानात उडाला. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) पीट कोझ्मा मागे पळत चेंडूखाली आला आणि अखेरच्या क्षणी बाजूला झाला. डाव्या सीमेवरचे पंच सॅम होलब्रुक यांनी चेंडू पडण्याच्या जेमतेम आधी हात वर केला. सगळे बेस भरायचे ते राहिले आणि फलंदाज बाद झाला. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, खेळ १९ मिनिटे थांबला, अटलांटाची तक्रार फेटाळली गेली. नियमात गवताची रेषा नाही, अंतर नाही, फक्त 'सर्वसाधारण प्रयत्न' आहे. कोझ्मा चेंडूखाली स्थिर झाला होता असे ज्याला वाटते त्याला निर्णय बरोबर वाटतो. माझ्या मते हात फार उशिरा वर गेला, आणि ज्या नियमाचा हेतू रनरना वेळेत सावध करणे हा आहे तिथे तो उशीर हीच चूक होती. कितीही कॅमेरे लावले तरी हा वाद मिटणार नाही.

अडथळ्याचा नियमही असाच. २०१३ च्या वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात ४-४ अशी बरोबरी असताना नवव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवर आलेली फेक बॉस्टनच्या विल मिडलब्रुक्सला अडवता आली नाही आणि तो जमिनीवर पालथा पडला. सेंट लुईसचा अॅलन क्रेग उठून होमकडे पळायला निघाला तो त्याला अडखळला आणि पुढे होम प्लेटवर टॅग झाला. तिसऱ्या बेसच्या पंचाने तत्क्षणी अडथळ्याची खूण केली होती, प्लेटवर डाना डीम्यूथ यांनी ती पाहून रनर सेफ दिला आणि सामना तिथेच संपला. मिडलब्रुक्सचा हेतू अडवण्याचा नव्हता, पण अडथळ्याच्या नियमाला हेतू लागतच नाही. चेंडू निघून गेल्यावर रनरची वाट अडली, एवढे पुरे. हजारो लोकांच्या गोंगाटात, सगळे चेंडूमागे पाहत असताना, चेंडूकडे न पाहता जमिनीवरच्या दोन खेळाडूंकडे पाहत राहिलेला तो पंच म्हणजे जिम जॉइस. गलारागाच्या सामन्यामुळे त्यांचे नाव घेणाऱ्या प्रत्येकाने हा निर्णयही पाहावा, असे मला कळकळीने वाटते.

पालकांविषयी. न्यू जर्सीतल्याच डेप्टफर्डच्या लिटल लीगमध्ये ओरडणाऱ्या पालकांना कंटाळून स्वयंसेवक पंच काम सोडू लागले, तेव्हा २०२३ मध्ये लीगने नियम केला की पंचाशी गैरवर्तन करणाऱ्या प्रेक्षकाने तीन सामने स्वतः पंच म्हणून उभे राहावे, तोवर मैदानात प्रवेश नाही. तुमच्या लीगमध्ये असा नियम आणण्याची गरज नाही, पण हंगामाआधी पंचांसाठी जो वर्ग होतो तो बहुतेक ठिकाणी पालकांनाही खुला असतो. दोन-तीन पालकांना घेऊन तिथे जा. सरावाच्या वेळी त्यांना पहिल्या बेसजवळ उभे करा, एकदा बेसला खेटून आणि एकदा पाच मीटर मागे, फेकीला काटकोनात, आणि प्रत्येक वेळी सेफ की आउट ते मोठ्याने सांगायला लावा. सोबत कुणाला तरी फोनवर चित्रण करायला सांगा आणि लगेच ताडून पाहा.